पार्किंगची पाहणी आणि गावाला गेलेली मी

“सुनंदा परब इथेच राहतात का?”

बाहेरच्या माणसाच्या खांद्याला बॅग होती आणि हातात फाईल. मी दार जेमतेम अर्धा चेहरा दिसेल एवढंच उघडलं होतं.

“त्या गावाला गेल्यात,” मी म्हणाले.

“कधी येणार?”

“काही सांगता येत नाही.”

शेजारच्या राणे आजी गॅलरीत तांदूळ पाखडत होत्या. त्याने त्यांनाही विचारलं. आजींनी मान वर न करता सांगितलं, “ती गावाक गेली. शिमगो झालो की येतली.” त्याने फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि तो जिना उतरून गेला. मी दार लावलं आणि मटकीच्या उसळीला फोडणी दिली.

सुनंदा परब मीच.

आमच्या लालबागच्या चाळीत ही पद्धत आहे. हातात फाईल घेऊन कोणी अनोळखी माणूस आला आणि कोणाचं नाव विचारलं, तर तो माणूस गावाला गेलेला असतो. गिरण्या बंद पडल्या आणि दारात वसुलीवाले यायला लागले, तेव्हापासून हे चालत आलंय. सासूबाई मला शिकवून गेल्या, मी माझ्या मुलीला शिकवलं. यात कोणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. नमस्काराला नमस्कार करावा तसं ते तोंडातून येतं. फक्त स्वतःचं नाव विचारल्यावर स्वतःच असं उत्तर देणारी चाळीत मी पहिलीच असेन.

मी नाश्ता पुरवते. परळच्या एका ऑफिसात रोज सकाळी पोहे किंवा उपमा, एक उसळ आणि चटणी जाते. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि परक्या माणसाशी बोलायचं धाडस काही आलं नाही. म्हणून रांधायचं काम माझं, बोलायचं आणि गाडी चालवायचं ह्यांचं. धंदा माझ्या नावावर, म्हणून सेकंडहँड घेतलेली व्हॅनही माझ्या नावावर.

उसळीचा टोप भरला की तोंडाला ओलं फडकं घट्ट बांधायचं. त्याला आम्ही दादरा म्हणतो. दादरा बांधला तरी टोप तिरका झाला की रस्सा बाहेर येतोच. म्हणून गाडी जवळ लागते. पण आमच्या गल्लीत पोलिसांनी गाड्या उचलायला सुरुवात केली, तेव्हा व्हॅन वडाळ्याला माझ्या दिरांच्या बिल्डिंगपाशी ठेवावी लागली. हे रोज पहाटे तिकडे जाणार, गाडी आणणार, मग टोप चढवणार. एक-दोनदा रस्त्यात अडकले. ऑफिसच्या अॅडमिनच्या मॅडमनी फोन केला.

“सुनंदाताई, लोक चहा पिऊन मोकळे झाले. नाश्ता कुठंय?”

“निघालाय, मॅडम.”

“काल पण निघालाच होता. हे बघा, चव चांगली आहे म्हणून मी बोलत नाही. पण असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून दुसऱ्याला देणार. वाईट वाटून घेऊ नका.”

तेवढी एकच मोठी ऑर्डर होती. ती गेली असती तर व्हॅनही विकावी लागली असती.

त्याच सुमारास वॉर्ड ऑफिसने गल्लीत पिवळे पट्टे मारले. ज्यांना बिल्डिंगमध्ये जागा नाही अशा रहिवाशांना त्या पट्ट्यांत रात्री गाडी लावायचं परमिट मिळणार होतं. अट एकच, गाडीचा मालक त्याच गल्लीत राहणारा पाहिजे. अर्ज केला की एक साहेब घरी येऊन बघून जातो. त्याला पाहणी म्हणतात. पट्टे थोडे आणि गाड्या पुष्कळ. पाहणीत नापास झाला की जागा पुढच्या माणसाला.

मुलीने मोबाईलवर अर्ज भरला. माझं काम ओटीपी वाचून दाखवायचं. मला वाटलं, आता परमिटही मोबाईलवरच येईल. कोणी घरी येणार हे तिने सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा खोबरं किसत होते.

काही दिवसांनी हे मोबाईल बघत ओरडले, “नामंजूर! अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही म्हणतात. कोण मेला म्हणाला असं?”

मी कोथिंबीर निवडत होते. इतकं मन लावून कोथिंबीर मी कधी निवडली नव्हती.

“सुनंदा, कोणी आलं होतं का?”

“एक माणूस आला होता.”

“मग?”

“मी म्हटलं, गावाला गेल्यात.”

ह्यांनी मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाले, “निदान परत कधी येणार ते तरी सांगायचं. मी स्टेशनवर घ्यायला आलो असतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्ड ऑफिसला गेलो. अर्जदारानेच बोलायचं असा नियम निघाला, म्हणून ह्यांना मागच्या बाकावर बसवलं. समोर तेच साहेब. मी पदर इतका पुढे ओढला की मलाच नीट दिसेना.

“मॅडम, मी स्वतः आलो होतो. घरातल्या बाईंनी सांगितलं, तुम्ही गावी असता. शेजाऱ्यांनी पण तेच सांगितलं.”

“मी इथेच असते.”

“मग दारात होत्या त्या कोण?”

इथे मी खरं सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण मागे रांग होती, सगळे ऐकत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, “बहीण.”

“सख्खी?”

“सख्खी.”

“ठीक आहे. उद्या मी फेरपाहणीला येतो. बहिणीला थांबवून ठेवा. त्यांनी समोर सांगितलं की चूक झाली, तर मी बदलून देतो. नाहीतर जागा पुढच्या नंबरला जाईल.”

जिना उतरताना ह्यांनी हळूच विचारलं, “सुनंदा, तुला बहीण कधी झाली?”

मला तीन भाऊ आहेत.

संध्याकाळी आमच्या खोलीत सभा भरली. हे म्हणाले, त्यांच्या आतेबहिणीला बोलवू, तिला नाटकाची हौस आहे. मुलगी म्हणाली, “आई, तूच साडी बदलून दोनदा ये.” राणे आजींनी सगळ्यांना गप्प केलं. “कोणाक बोलवूक नको. मी होतंय तिची भैण.” आजींचं वय माझ्या आईपेक्षा जास्त. पण त्यांची तयारी मनापासून होती. गेल्या वेळी आपणच भर घातली, हे त्यांना लागलं होतं.

मी म्हटलं, आता पुरे. कोणीही काही बोलायचं नाही. उद्या मीच बोलेन. असं म्हणाले खरं, आणि रात्रभर काय बोलायचं ते घोकत पडले.

साहेब आले तेव्हा दार सताड उघडं होतं. मी उंबऱ्याच्या आत उभी, हे मागे, आणि सगळा मजला गॅलरीत. कोणाला कपडे वाळत घालायचे होते, कोणाला केर काढायचा होता. एकाच वेळी इतकी कामं आमच्या मजल्यावर कधी निघत नाहीत.

“बहीण कुठंय?” साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात साहेबांच्या मागून राणे आजी पटकन म्हणाल्या, “ती? ती गावाक गेली.”

सगळ्या मजल्याची कामं एकदम थांबली. ह्यांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पेनाचं टोपण बंद केलं आणि फाईल मिटली. ते वळले. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त आमची व्हॅन आली, विकलेली, दुसऱ्याच कोणाच्या तरी दारात उभी.

“साहेब, बहीण नाहीये,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. “मला बहीणच नाही. त्या दिवशी दारात मीच होते.”

“तुम्ही? मग स्वतःच स्वतःला गावाला का पाठवलंत?”

“तुमच्या हातात फाईल होती.”

“म्हणजे?”

“फाईल बघितली की आम्ही तसंच म्हणतो. सवय आहे. विचार नाही केला. आणि ऑफिसात लाज वाटली म्हणून बहीण काढली.”

साहेबांनी फाईलकडे बघितलं, मग गॅलरीतल्या लोकांकडे. “मी गिरगावातला,” ते म्हणाले, “फणसवाडी. आमच्याकडे ‘आंघोळीला गेलेत’ म्हणतात. वडील आमचे तासतासभर आंघोळ करायचे.” गॅलरीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

मग त्यांनी आत येऊन लाईटबिल बघितलं, चुलीवरचे टोप बघितले, हे सगळं रोज कुठून खाली जातं ते विचारलं. चहा घेतला नाही. उभ्यानेच रिपोर्ट लिहिला आणि मला वाचून दाखवला. अर्जदार समक्ष हजर. मागील वेळी घरातील जबाबदार व्यक्ती उपस्थित नव्हती.

“साहेब, मी उपस्थित होते की.”

“मॅडम, मी जबाबदार म्हटलंय. सही करा.”

मी सही केली.

परमिट आलं. पट्टा मिळाला तो मात्र आमच्या गेटसमोरचा नाही, गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीपाशी. गेटजवळचा पट्टा मधल्या काळात पुढच्या नंबरला गेला होता. त्यामुळे आता रोज सकाळी मी आणि हे एकेका बाजूचा कान धरून टोप तिथवर नेतो. रस्सा थोडा सांडतो. हे सारखे म्हणतात, “सावकाश, सुनंदा, सावकाश.” पण नाश्ता वेळेवर पोचतो. मॅडमनी पुढच्या महिन्याची ऑर्डर आमच्याकडेच ठेवली.

इतर कोणी अर्ज करणार असेल तर मला कळलेली एक गोष्ट सांगते. अर्जात आपण जो पत्ता लिहितो, त्या पत्त्यावर राहावं. आणि कोणी विचारलं तर राहतो असं म्हणावं. मला हे अवघड गेलं, तुम्हाला जाऊ नये.