मीटरच्या डोळ्यावरची हळद

तो उजेड बघायचा नसतो, मोजायचा असतो. ताईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि सांगताना माझी हनुवटी धरून तोंड कपाटाकडून दुसरीकडे वळवलं.

कपाट तसं साधंच. लोखंडी, आतून चकचकीत पत्रा मारलेलं, दोन्ही बाजूंना अतिनील उजेडाच्या, म्हणजे यूव्हीच्या, लांब ट्यूब. करोनाचं पहिलं वर्ष होतं. उज्जैनच्या त्या लहान दवाखान्यात चांगले मास्क कधी येत, कधी नाही. म्हणून वापरलेला मास्क फेकायचा नाही, कपाटात टांगायचा, त्या उजेडात त्यातले जंतू मारायचे आणि ज्याचा त्याला परत द्यायचा. मास्कवर प्रत्येकाची खूण असे, खुणेखाली दर खेपेला एक रेघ. पाच रेघा झाल्या की मास्क बाद.

ताई म्हणजे तिथल्या मोठ्या सिस्टर. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरायच्या ते त्यांना कळायचं नाही. मी दापोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. लग्न होऊन इथल्या भैरवगढला, कापड छापणाऱ्यांच्या वस्तीत आले. नवरा कापडावर ठप्पे मारायचा, मी छापलेलं कापड धुवायची. कारखाना बंद झाला, नवरा आजारी आईला बघायला गावी गेला तो तिकडेच अडकला. खोलीवर मी एकटी. रंगाच्या पाण्याने हाताला झालेली जखम चिघळली म्हणून दवाखान्यात गेले. पट्टी बांधताना माझ्या तोंडून "आई गं" निघालं, तशा ताईंनी मान वर केली.

"मराठी आहेस का गं?"

पुढच्या आठवड्यात मी कामाला लागले होते. त्या दिवसांत एका अनोळखी बाईला काम देणारं दुसरं कोण होतं?

मोजायचं कसं, तेही त्यांनीच शिकवलं. मीटरला एक तार, तारेच्या टोकाला रुपयाएवढा पांढरा डोळा. रोज सकाळी मास्क टांगण्याआधी तो डोळा कपाटाच्या चारी कोपऱ्यांत ठेवून, दार लावून बाहेर आकडा वाचायचा आणि सगळ्यांत कमी आलेला आकडा धरायचा.

"सगळ्यांत कमी का, सांग."

मी पुन्हा चारी आकडे बघू लागले.

"भाकरी झाली का ते कुठं बघतेस? मधे की कडेला?"

"कडेला."

"मग इथे पण तसंच. समझी?"

आकडा गुणिले सेकंद, हजार झाले पाहिजेत. चार आला तर अडीचशे सेकंद, मग मास्क उलटून पुन्हा तेवढेच. पहिले काही दिवस मी बोटांवर हिशेब करायची. ताई म्हणायच्या, "ही माझी सातवी पास." मी म्हणायची, पास नाही हो, नापास. "बरं, सातवी फरार," म्हणायच्या आणि वहीत माझं गणित तपासायच्या. कमी उजेड दिला तर जंतू राहणार, जास्त दिला तर मास्क आणि त्याचं इलॅस्टिक कमजोर होणार. दोन्हीकडून भीती. मी रात्री झोपेतही गुणाकार करत असे.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, पाटा, विळी, जे हाताला काम देतं त्याची पूजा होते. भैरवगढला ठप्प्यांना हळदकुंकू वाहायचो. ट्यूबला बोट लावायचं नाही, हे ताईंनी बजावलं होतं, ते मी नीट पाळलं. कपाटाला झेंडूचं फूल लावलं आणि हळदकुंकवाचं बोट मीटरला लावलं. हत्याराला लावायचं ते त्याच्या तोंडाला, मागे नाही. म्हणून त्या पांढऱ्या डोळ्यावर लावलं.

ताईंनी पाहिलं आणि हसल्या. "चांगलं केलंस. आता हा झूठ बोलणार नाही."

संध्याकाळी मी ओल्या फडक्याने पुसून काढलं. कुंकू गेलं. थोडी पिवळी झाक राहिली असेल, माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोज चारच्या आसपास येणारा आकडा दीड आला. चारी कोपऱ्यांत फिरवून पाहिलं, दीडच्या वर जाईना. ताईंना सांगितलं. त्या पीपीई चढवत होत्या. म्हणाल्या, "ट्यूब म्हातारी झाली असेल. घाबरू नको. मीटर म्हणेल तेवढा वेळ दे."

मी अकरा मिनिटं देऊ लागले. दोन्ही बाजूंना अकरा अकरा.

तीन आठवडे गेले. आकडा हळूहळू वर येत होता. पावणेदोन, दोन, सव्वादोन. तसा मी वेळही थोडा थोडा कमी करत गेले. मला बरं वाटत होतं. कोणाला काही विचारलं नाही, कारण चांगली गोष्ट विचारून बिघडवायची नाही असा माझा स्वभाव.

मग एका दुपारी ताई एका म्हाताऱ्या पेशंटला उठवून बसवत असताना त्यांच्या मास्कचं इलॅस्टिक तुटलं. पेशंट खोकत होता. त्याला सोडलं असतं तर तो पडला असता. ताईंनी त्याला नीट टेकवलं आणि मगच तोंडावर हात घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तुझ्या कापडी मास्कच्या कोकणी नाड्या बऱ्या गं यापेक्षा." मास्कवर तीनच रेघा होत्या.

पाचव्या दिवशी त्यांना ताप आला. पुढे इंदूरला हलवलं.

तुटलेल्या इलॅस्टिकची चौकशी करायला मशीन दुरुस्त करणारे भैया आले. माझी वही चाळता चाळता थांबले.

"ये नंबर बढ़ कैसे रहे हैं?"

"ट्यूब सुधारतेय," मी म्हटलं.

"दीदी, ट्यूब बूढ़ी होती है, जवान नहीं होती."

त्यांनी मीटरचा डोळा उजेडाकडे धरला. फिकट पिवळा. मी मोजून झाल्यावर तो रोज खिडकीत ठेवत असे, तिथे दुपारपर्यंत ऊन यायचं. मग मला सगळं एकदम कळलं. मी रंगाच्या कामातली बाई. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. हळद उजेड खात होती, मीटर कमी सांगत होता आणि मी मास्कना सुरुवातीला अडीचपट, नंतर जवळजवळ दुप्पट भाजत होते. ताईंच्या मास्कवर रेघा तीन, पण उजेड सहाएक रेघांचा.

भैयांना सांगितलं. ते म्हणाले, "पहनते-उतारते भी टूटता है. पक्का कोई नहीं बोल सकता." चांगला माणूस. मीटर गच्चीवर उन्हात ठेवायला मीच सांगितलं. दोन दिवस कडक ऊन दिलं. तिसऱ्या सकाळी आकडा आला पावणेचार.

त्या दुपारी ताईंच्या भाचीने फोन लावून दिला. ऑक्सिजनचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, हळदीचं, दसऱ्याचं, उन्हाचं. सांगताना रडू आलं म्हणून दोनदा थांबले. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग म्हणाल्या, "वहीत लिहिलंस?"

"नाही."

"लिही. मग जेव."

चार दिवसांनी त्या गेल्या.

फोन झाला त्याच दुपारी मी लिहिलं होतं. काम जाईल या भीतीने पेन तीनदा खाली ठेवलं, पण लिहिलं: दसऱ्याला माझ्या हातून मीटरच्या डोळ्याला हळद लागली, तेव्हापासून आजपर्यंतचे आकडे खरे नाहीत. खाली सही केली. काम गेलं नाही.

त्या वाक्याखाली कोणी काही शेरा मारला नाही. वही भरली, नवी आली. तिच्या पहिल्या पानावर मी तेच वाक्य पुन्हा उतरवून काढलं, माझ्यामागून जे कोणी मोजेल त्याच्यासाठी. खाली एक ओळ वाढवली: डोळा आधी बघा, मग आकडा.