साहेबांचा डावा पाय

सत्तावीस वर्षांत साहेबांचे तीन चेहरे झाले. पहिल्याचं पोट सुटलं, दुसऱ्याचं निर्मात्याशी वाजलं, तिसरा पन्नाशी ओलांडून गेला आणि छपरांवरून उड्या मारताना बघणाऱ्यालाच त्याची दया यायला लागली. दर वेळी नवा नट आला, तोच काळा सूट चढवून त्याच गुप्त कामगिऱ्यांवर निघाला, आणि दर वेळी लोकांनी पहिल्या दिवशी नाकं मुरडून दुसऱ्या आठवड्यात रांगा लावल्या. चेहरा बदलला, आवाज बदलला, गाड्यांचं तर विचारूच नका. बदलले नाहीत ते फक्त पाय. पडदा काळा व्हायचा, बोळातून पावलं वाजायची, उजवं खणखणीत आणि डावं किंचित घासत, की अख्खं थेटर ओळखायचं, आले साहेब.

ते पाय एका बाईचे आहेत, हे थेटरातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

स्टुडिओत त्यांना सगळे पाऊलबाई म्हणत. चित्रीकरणाच्या गोंगाटात माणसांची पावलं नीट टिपली जात नाहीत, म्हणून ती नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत, नव्याने वाजवावी लागतात. बाई तेच काम करायच्या. खोलीत जमिनीचे चौकोन होते, एक फरशीचा, एक लाकडाचा, एक सिमेंटचा, आणि एक खडीने भरलेला खोका. भिंतीला बुटांची मांडणी. बाईंनी तिथे सैनिक चालवले, पळपुटे जावई चालवले, करवंट्या आपटून घोडेसुद्धा चालवले. उंची जेमतेम पाच फूट, वय एकोणसाठ, पण दहा नंबरचे पुरुषी बूट घालून उभ्या राहिल्या की नव्या लोकांना हसू दाबावं लागे, आणि चालायला लागल्या की ते हसू आपोआप जाई. शिकायला येणाऱ्यांना त्या एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायच्या. खरा लंगडणारा माणूस लंगडणं लपवायला बघतो. सोंग करणारा ते दाखवतो. माईकला हा फरक लगेच कळतो.

साहेबांच्या डाव्या पायाचं असं झालं होतं. पहिल्या सिनेमाच्या वेळी नायकाची पावलं करणारा गडी तापाने फणफणला आणि बाईंना ऐनवेळी बूट चढवायला सांगितलं. बाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या, फक्त बायका आणि पोरं चालवायच्या. त्यात तीनच दिवसांपूर्वी खडीच्या खोक्यावरून उतरताना त्यांचा डावा घोटा चांगलाच मुरगळलेला. बुटात रद्दीचे बोळे कोंबून त्या चालल्या आणि पाय घासला. काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टला स्टुडिओत दोनशब्दे म्हणत, कारण तो माणूस दिवसभरात दोनच शब्द बोले. जमलं तर ‘राहू दे’ आणि नाही जमलं तर ‘परत’. दोनशब्द्यांनी ते घासलेलं पाऊल ऐकलं, मान वाकडी करून पुन्हा ऐकलं. बाई ‘परत’ची वाट बघत उभ्या.

‘‘राहू दे,’’ दोनशब्दे म्हणाले.

वर्षभरात दोघांचं लग्न झालं. घोटा पुढे कधी धड बरा झाला नाही. बाकीच्यांची चार-दोन पावलं बाई सांभाळून सरळ टाकायच्या, पण सलग चाललं की डावा पाय घासायचाच. घोटा बरा व्हावा म्हणून दोघांपैकी कुणी फारसा आटापिटाही केला नाही.

गेल्या तीन वर्षांत मात्र दोनशब्द्यांचं डोकं रिकामं होत चाललं होतं. आधी चाव्या गेल्या, मग घराचा रस्ता, मग लेकीचं नाव, आणि मागच्या वर्षी बायकोचा चेहरा. गंमत अशी की आजारपणात हा माणूस बोलका झाला. जन्मात बोलले नसतील इतकं ते अनोळखी माणसांशी बोलत, आणि बायको आता त्यांना अनोळखी होती. बाई समोर येऊन बसल्या की ते अदबीने म्हणत, ‘‘बसा हं, आमची ही येईलच इतक्यात.’’ बाई हसून बसायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहायच्या.

पण रोज संध्याकाळी साडेसहाला जिन्यावर पावलं वाजली, एक खणखणीत, एक घासत, की आतून खुर्चीतला आवाज यायचा, ‘‘आलीस?’’ दार उघडायच्या आधी. एक दिवस चुकला नाही. दार उघडलं की संपलं, पुन्हा ‘बसा हं’. सव्वीस वर्षांच्या संसारातला एवढा एक शब्द बाईंच्या वाट्याला उरला होता आणि त्याच्यावर त्या दुसरा दिवस काढायच्या.

अशात साहेबांचा चौथा चेहरा आला. या वेळी नुसता चेहरा नाही, साहेबांचा सगळा कायापालटच ठरला होता. सूट गेला आणि मळका स्वेटर आला. साहेबांना आता बालपण मिळालं होतं, वाईट स्वप्नं पडणार होती, आणि एका प्रसंगात ते चक्क भांडी घासताना रडणार होते. दिग्दर्शक तिशीचा, सभ्य, बोलायला गोड. त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग म्हणाला, ‘‘बाई, लहानपणी तुमच्या पावलांना घाबरून मी आईच्या कुशीत शिरायचो. पण तो घासणारा पाय जुन्या साहेबांचा. मला माणूस पायापासून नवा हवाय. स्वच्छ चाल. दोन महिन्यांनी चाचणी घेऊ. तुम्हाला जमत असेल तर तुम्हीच करा, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल.’’

‘‘जमेल की,’’ बाई म्हणाल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. दोनशब्द्यांजवळ दिवसभर एक मावशी बसायच्या आणि त्या बाईंच्या नोकरीवर टिकून होत्या. नोकरी गेली की मावशी गेल्या, आणि मावशी गेल्या की दोनशब्द्यांची रवानगी कुठल्यातरी संस्थेतल्या ओळीने मांडलेल्या खाटांवर. बाई तसली एक संस्था बघून आल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं होतं तसं आपल्या नवऱ्याने बघावं, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

घोट्यावर व्यायाम देणारी डॉक्टरीण भेटली ती महाखमकी. पट्टा बांधला, बुटात टाचेखाली गादी घातली, रोज भिंतीला धरून करायचे सतरा प्रकार लिहून दिले. ‘‘पाय सरळ होईल,’’ ती म्हणाली, ‘‘पण घरीदारी एकच चाल ठेवायची. इथून निघून संध्याकाळी परत पाय घासणार असाल तर माझा वेळ घेऊ नका.’’

बाईंनी मान डोलावली आणि महिनाभर तिला फसवलं. जिन्यापाशी आल्या की गादी काढायच्या, पट्टा सोडायच्या आणि आपल्या पायाने वर जायच्या. ‘‘आलीस?’’ आत यायचं. त्याची शिक्षा स्टुडिओत मिळाली. घोटा सुजला, आणि सरावाच्या दिवशी नवा रेकॉर्डिस्ट चाचरत म्हणाला, ‘‘बाई, दर चौथ्या पावलाला येतोय तो.’’ दिग्दर्शकाने घड्याळात बघितलं.

त्या दिवशी बाईंनी ठरवलं. आता महिनाभर जिन्यावरही नवी चाल. काम हातात पडलं की जुनं पाऊल परत काढू, त्यात काय मोठं? आपण सैनिक चालवले, घोडे चालवले, मग आपलाच पाय आपल्याला चालवता येणार नाही? आयुष्यभर दुसऱ्यांची पावलं हुबेहूब काढणाऱ्या बाईला स्वतःच्या पावलाबद्दल शंका कशी यावी?

पहिल्या संध्याकाळी बाई स्वच्छ पावलं टाकत वर गेल्या. आतून काही आलं नाही. दार उघडलं तेव्हा दोनशब्दे खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. ‘‘कोण? कोण आहे?’’ बाईंच्या डोळ्यांना धार लागली. एकच महिना, त्यांनी स्वतःला बजावलं. दुसऱ्या आठवड्यात मावशी हळूच म्हणाल्या, ‘‘ताई, रोज साडेसहापासून दाराकडे बघत बसतात. तुम्ही समोर जेवत असता, तरी बघतच असतात. काल मला विचारलं, ती गेली का हो? मी काय सांगू?’’

‘‘सांगा, येतेय म्हणून,’’ बाई म्हणाल्या. मग ताट घेऊन उठल्या.

चाचणी झकास झाली. लाकडावर, सिमेंटवर, खडीत, कुठेही डाव्या-उजव्यात सुताचा फरक नाही. दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. ‘‘वा बाई! कोण चालतंय ते कळतच नाही!’’ उद्या सकाळी नऊपासून काम सुरू. बाईंनी त्याचे आभार मानले आणि बुटांची मांडणी आवरायच्या निमित्ताने पाठ फिरवली, कारण हे कौतुक त्यांना मुस्कटात मारल्यासारखं लागलं होतं.

साडेसहाला त्या जिन्याखाली उभ्या राहिल्या. गादी काढून पिशवीत टाकली, पट्टा सोडला. उजवं टाकलं, डावं घासलं. चाल तोंडपाठ होती, डावं किती उशिरा पडायचं, टाच कुठे टेकायची, सगळं माहीत. चौतीस पायऱ्या चढून दाराशी आल्या आणि श्वास रोखून थांबल्या.

‘‘परत,’’ आतून आवाज आला.

क्षणभर बाईंना आनंदच झाला. इतक्या दिवसांनी जुना शब्द! त्या लगबगीने खाली गेल्या, पुन्हा चढल्या, या वेळी घासणं जरा कमी ठेवून.

‘‘परत.’’

तिसऱ्या खेपेला जिन्यात पडलेलं वर्तमानपत्र उचलून त्यांनी त्याचे बोळे बुटात कोंबले. चौथ्या खेपेला डोळे मिटून चढल्या. मावशींनी दार किलकिलं केलं होतं. दोनशब्दे मान वाकडी करून ऐकत होते, अगदी काचेपलीकडे बसायचे तसे, आणि मावशींना सांगत होते, ‘‘कुणीतरी मुद्दाम लंगडतंय. सोंग आहे.’’

बाई मटकन पायरीवर बसल्या. हे त्यांना आधीच कळायला हवं होतं. जुना पाय त्यांनी कधी घासवलाच नव्हता. चालताना तो घासू नये म्हणून त्या सत्तावीस वर्षं धडपडत होत्या, आणि तरी जेवढा घासायचा तेवढा तो घासायचा. आता लपवायलाच काही राहिलं नव्हतं.

मग त्या खाली गेल्या आणि खालून चौथ्या पायरीवर उभ्या राहिल्या. डावं पाऊल पायरीच्या कडेवर आडवं ठेवलं. अंगाचा भार एकदा तिकडे टाकला की काम झालं असतं. घोटा कडाडला असता, आणि उद्या नाही तर महिन्याने तेच पाऊल जिन्यावर वाजलं असतं. पण उद्या नऊला साहेब चालायचे होते. साहेब चालले नाहीत तर मावशी नाहीत, ही खुर्ची नाही, हे दारही नाही. कठडा धरून बाई किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे. वरून मावशींनी हाक मारली, ‘‘ताई, येताय ना?’’

बाईंनी पाऊल सरळ केलं. बुटातले बोळे काढले आणि चढायला लागल्या. सोंग करायचंही त्राण नव्हतं, म्हणून नव्या, निरोगी पावलांनी चौतीस पायऱ्या चढून त्या घरात आल्या.

दोनशब्द्यांनी त्यांना पाहिलं आणि खुर्चीतून अर्धवट उठून समोरची जागा दाखवली. ‘‘या, बसा. दमलात वाटतं. आमची ही येईलच इतक्यात. घंटी वाजवावी लागत नाही तिला, जिन्यावर पाऊल पडलं की मला कळतं.’’

‘‘मग थांबते,’’ बाई म्हणाल्या आणि समोर बसल्या. मावशींनी चहा आणून ठेवला. दोनशब्द्यांनी ओठांवर बोट ठेवून बाईंना गप्प राहायला खुणावलं, मान वाकडी केली, आणि दोघंही जिन्याकडे कान लावून बसली.