सगळे पोट्टे भरून नेले

माझ्या सासूबाईंच्या लेखी जगातले पुरुष दोनच प्रकारचे, पोट्टे आणि बुढे. पोट्ट्याचा बुढा कधी होतो हे वयावर नसून सासूबाईंच्या मर्जीवर असतं. माझ्या नवऱ्याची पन्नाशी उलटली, साखरेची गोळी सुरू झाली, तरी तो अजून पोट्टाच आहे. समोरच्या गॅरेजवाल्या चाचांना नातू झाला तेव्हा त्यांना बढती मिळून ते बुढे झाले, आणि त्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की पुढचे काही दिवस ते आमच्या ओट्यावर चहाला फिरकले नाहीत. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या वऱ्हाडी बोलीत पोट्टं म्हणजे पाळण्यातलं लेकरू आणि पोट्टं म्हणजे दाढीमिशीवाला बाप्याही. नेमकं कोणतं, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून समजून घ्यायचं. फोनवर तोंड दिसत नाही, तिथून सगळा घोळ झाला.

राजूरला आमची पिठाची चक्की आहे. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला चुनाभट्ट्या, त्यामुळे हिंदुस्थानातलं जेवढं म्हणून धान्य आहे तेवढं आमच्या जात्याखालून गेलेलं आहे. गावातल्यांची ज्वारी, तेलुगू घरांचा तांदूळ, रमजानच्या आधी येणारी चण्याची डाळ, आणि भट्टीवरच्या बिहारी पोरांचा सत्तू. सत्तू म्हणजे भाजलेल्या फुटाण्यांचं पीठ. त्याचा वास जात्यातून लवकर जात नाही, म्हणून सत्तूच्या मागं दळण लावायला कोणी तयार नसतं. "माह्या गव्हाले बिहारचा वास येते," म्हणून एक शेजारीण रोज भांडायची. चाचांच्या घरच्यांना मात्र तीच पोळी आवडायची. या भांडणांचा निवाडा सासूबाई करत. त्या वजनकाट्याजवळच्या लाकडी स्टुलावर बसत आणि तिथून गावचा कारभार चालवत.

त्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे भट्टीवरचा मुकादम. हा बिहारचा, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, आणि मिशी अशी की आमच्या गावच्या पाटलाला लाज वाटावी. तो सासूबाईंना माई म्हणायचा, आणि त्या त्याला अर्थातच पोट्टा. सत्तू किती बारीक दळायचा यावरून दोघांचा वाद दर आठवड्याला व्हायचा. त्याला बारीक हवा असे, सासूबाईंचं म्हणणं, एवढा बारीक सत्तू पोटात गेल्याचं कळणारही नाही. या वादातूनच तो वऱ्हाडी शिकला. शिकला म्हणजे काय, सासूबाई बोलत तेच आणि तसंच बोलायचा. आपल्या हाताखालच्या कामगारांनाही तो पोट्टे म्हणायला लागला. "माई, माह्ये पोट्टे भूखे हैं, आज माह्यं दळण पयले लाव," असं म्हणाला की रांगेतल्या बायाही हसून त्याला पुढं सोडत.

त्या वर्षी कापूस वेचायच्या दिवसांत आमच्या भागात पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. कुणाचं पोर गेलं, कधी गेलं, हे कुणालाच सांगता येईना, पण फोनवर रोज नवा व्हिडिओ यायचा. भिकारी, बहुरूपी, चादरी विकणारे, सगळ्यांकडे लोक वळून वळून पाहू लागले. परक्या भाषेत बोलणारा माणूस तर आपोआपच टोळीत जमा. शाळेच्या फाटकापाशी आया जाऊन उभ्या राहू लागल्या. मीही एक दिवस राहिले, खोटं कशाला बोलू.

अशात चुनाभट्टीचं काम थोडं थंडावलं आणि मुकादमाला मुकुटबनकडे एका गोदामाच्या बांधकामाचं काम मिळालं. महिना-दोन महिन्यांचं काम, पण सासूबाईंना ते देशोधडीला लागल्यासारखं वाटलं. सकाळी पिकअप गाडी आली, पोरं पथाऱ्या घेऊन मागं चढली, मुकादम सासूबाईंच्या पाया पडला आणि गाडी निघाली. चक्कीवर एकदम शुकशुकाट झाला. मग सासूबाईंनी फोन उचलला. त्यांना लिहिता येत नाही असं नाही, पण बटणं दाबण्यापेक्षा त्या बोलून निरोप पाठवतात. मुकुटबनला दिलेल्या त्यांच्या लेकीला, म्हणजे माझ्या नणंदेला, त्यांनी रडक्या आवाजात निरोप धाडला. तो मी आज झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. "बाई व, आज मन लागून नाही राह्यलं. सकाळीच गाडी आली, अन् थो बिहारी सगळे पोट्टे भरून घेऊन गेला. तुमच्याच बाजूले येऊन राह्यली गाडी."

नणंद माझी स्वभावानं चांगली, पण दम धरणं हा गुण त्या घराण्यात नाही. तिची दोन्ही लेकरं तेव्हा शाळेत. तिनं आईचा रडका आवाज ऐकला आणि तो निरोप जसाच्या तसा बायांच्या ग्रुपवर टाकला. बायांनी तो नवऱ्यांना दाखवला. नवऱ्यांच्या हाती आल्यावर त्यात गाडीचा रंग आला, चालकाजवळचं हत्यार आलं. दुपारपर्यंत मुकुटबनच्या अलीकडच्या एका फाट्यावर लोकांनी रस्त्यात बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या.

आम्हाला हे कळलं नणंदेच्या फोनवरून. ती फाट्यावरच जाऊन उभी होती. आवाजात नुसता विजय.

"आई, पकडलं वो त्याले! गाडीसगट पकडलं!"

"कोणाले?" सासूबाईंनी विचारलं.

"पोट्टे उचलणाऱ्याले. अन् कबूलही केलं त्यानं. लोकायनं इचारलं गाडीत काय हाय, तं म्हणते, पोट्टे घेऊन चाललो राजूरवरून. हसून सांगते व आई, लाज ना शरम! पण पोट्टे काही गाडीत नाहीत. मागं नुसते बाप्ये बसले हायेत. पोट्टे कोठी लपवले इचारलं, तं म्हणे, हेच तं पोट्टे! मंग आमच्या यायनं देल्ली त्याले एक लावून."

सासूबाईंच्या हातातलं मापटं खाली पडलं. "अवो माय, थेच तं पोट्टे! गाडीत बसले थेच पोट्टे हायेत!"

पलीकडून नणंदेनं विचारलं, "मिशीवाला कोण हाय मंग?"

"थोही पोट्टाच!"

मला या क्षणी हसू आलं होतं हे मी लपवत नाही. ते तोंडातच विरलं, कारण नणंदेच्या मागून माणसांचा आवाज येत होता, आणि तसला आवाज मी फोनवरच्या व्हिडिओंमध्ये ऐकलेला होता. त्यात शब्द नसतात. नणंद तिथं ओरडून सांगू लागली, पण तिचं कोणी ऐकेना. त्या मिशीवाल्या माणसानं आमच्या घरची भाषा बोलून दाखवली होती आणि त्याबद्दल तो मार खात होता. मला मरणाची भीती वाटली. मी पोलिसांना फोन लावला, तर ते आधीच निघाले होते.

"थे येईपर्यंत काय करू मी?" म्हणत सासूबाई चप्पल शोधत बाहेर गेल्या आणि समोरच्या गॅरेजात जाऊन उभ्या राहिल्या. चाचा आपल्या जुन्या जीपखाली झोपून काम करत होते. सासूबाईंनी त्यांच्या पायालाच हात घालून त्यांना बाहेर ओढलं. हकीगत ऐकून चाचा उठले आणि हात पुसत म्हणाले,

"भाभी, मैं चलता. पण माही दाढी पाहून लोक पयले मलेच धरतील, ते सांगून ठेवतो."

"मंग माह्या मागं उभा राह्य," सासूबाई म्हणाल्या. सासूबाई चाचांच्या खांद्याच्याही खाली येतात. चाचांची बायको दारातून हे सगळं ऐकत होती. ती आत जाऊन गाडीची किल्ली घेऊन आली आणि नवऱ्याच्या हातात देताना तिनं ती जरा वेळ सोडलीच नाही.

चाचांची ती जीप एरवी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. त्या दिवशी कशी सुरू झाली, हे चाचांनाही ठाऊक नाही. रस्ताभर सासूबाई एकच बोलत होत्या, "मी बोलली तसं. मीच बोलली." मी म्हटलं, आई, तुम्ही काही वाईट बोलल्या नाहीत. त्यावर त्या माझ्यावरच ओरडल्या, "वाईट बोलली असती तं बरं झालं असतं, कोणी ऐकलं नसतं!"

फाट्यावर पोचलो तेव्हा दोन पोलीस आलेले होते आणि लोकांना मागं सारत होते. ते नसते तर काय झालं असतं हा विचार मी आजही अर्ध्यावर सोडते. पिकअपच्या चाकाला टेकून मुकादम रस्त्यावर बसला होता. ओठ फुटला होता, सदरा खांद्यापासून फाटला होता. मागं गाडीतली पोरं एकमेकांना चिकटून बसली होती आणि त्यातला एक जण फोनवर घरी रडत काहीतरी सांगत होता. आणि सगळ्यांत पुढं, बाह्या वर करून, आमचे जावईबापू उभे होते.

इथं आमच्या घरची रीत सांगायला हवी. सासूबाई जावयाशी समोरासमोर बोलत नाहीत. डोक्यावर पदर घ्यायचा, तोंड भिंतीकडे करायचं, आणि जे काय असेल ते तिसऱ्याला सांगायचं. "जावईबापूंले सांगा, भाजी वाढू का," असं. लेकीच्या लग्नापासून हेच चाललेलं. जावईबापूंनाही त्याची इतकी सवय, की घरात तिसरं माणूस नसलं तर ते भाजीशिवाय उठतात.

सासूबाईंनी सवयीनं पदर घेतला आणि मला म्हणाल्या, "सांग जावईबापूंले..." मग थांबल्या. पदर तसाच राहिला, पण तोंड वळलं. आणि त्या थेट जावयाच्या डोळ्यांत पाहून बोलल्या.

"जावईबापू, तुमच्या वावरात तेलंगणातल्या बाया कापूस येचाले येतेत. त्यायले गाडीत भरूनच आणता ना?"

जावईबापू इतके दचकले की त्यांनी आधी मागं कोणी आहे का ते पाहिलं. "हाव," ते म्हणाले.

"उद्या कोणी इचारलं, बाया कोठून भरून आणल्या, तं काय सांगसान?"

गर्दीतला एक जण हसला. मग आणखी एक. कुणीतरी माझ्या नणंदेच्या फोनवरचा तो निरोप पुन्हा लावला, आणि या वेळी आवाजाची मालकीणच समोर उभी असल्यामुळे लोकांना पोट्टे म्हणजे कोण ते आपोआप समजलं. बैलगाड्या सरकू लागल्या. ज्यांनी हात उचलला होता ते सगळ्यांत आधी निघून गेले. एवढ्या मोठ्या जमावात नेमकं कोणीच काही केलेलं नसतं. पोलिसांनी नावं विचारली तेव्हा जावईबापू मात्र पळाले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते.

सासूबाई मुकादमापाशी गेल्या. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाचे पाय धरतात. त्याखेरीज सासूबाईंना मी कुणाच्या पायाशी वाकताना पाहिलेलं नाही. त्या त्याच्यापुढं वाकल्या. तो इतका वेळ मार खाऊन गप्प बसलेला माणूस धडपडत उठला, त्यांचे हात धरले आणि "माई, पाप लगेगा, ऐसा मत करो" म्हणत लहान पोरासारखा रडायला लागला. चाचा तोंड फिरवून जीपचं बॉनेट उघडून बघत बसले. मी रडले, नणंद रडली. जावईबापूंनी रस्त्यावर पडलेला त्याचा गमछा उचलला, झटकला, आणि कुणाच्या तरी हाती द्यायला तिसरं माणूस शोधू लागले. कोणी पुढं येईना, तेव्हा स्वतःच त्याच्या खांद्यावर टाकला. "चुकलं माह्यं," ते म्हणाले. मुकादमानं मान हलवली. त्यानं माफ केलं की नाही, ते मला त्या मानेवरून सांगता येणार नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गाडीतल्या पोरानं घरी कळवलेलं गावभर झालं होतं आणि आता मुकादमाची आई फोनवर होती. त्याला सुजलेल्या ओठांनी नीट बोलता येईना. एक-दोनदा "कुछ नहीं अम्मा" म्हणून त्यानं फोन सासूबाईंच्या हातात दिला. फोनचा आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. ती म्हातारी रडत नव्हती. एवढंच विचारत होती.

"ए बहिन, उहाँ के लोग अच्छा बा नू?"

भाषा निराळी असली तरी प्रश्न फाट्यावरच्या प्रत्येकाला समजला. सासूबाईंनी फोन कानाला धरून आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि मग जावयाकडे पाहत त्यांच्या वऱ्हाडी हिंदीत सांगितलं,

"अच्छे हैं, बाई. पण थोडा टाइम लगते इनको."