पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग

मोबाईलवर सुदामचं नाव दिसलं तेव्हा क्षणभर बरंच वाटलं. वर्षभरानंतर त्यानं आपण होऊन फोन केला, म्हणजे राग निवळला असावा... मी गिऱ्हाइकाला सोडून बाजूला गेलो. पलीकडून त्याच्या मुलीचा आवाज आला, "काका, बाबा गेले. सकाळी छातीत दुखाय लागलं अन्..." पुढचं मला ऐकूच आलं नाही.

आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्यांपासून राजूरचं. गणपती मंदिराच्या रस्त्यावर भांड्यांचं दुकान. सुदाम पिंपळगाव रेणुकाईचा, माझा शाळेपासूनचा मित्र. शेती भावावर सोपवून तो कॅमेरे बसवायच्या धंद्यात पडला. माझ्या दुकानातले कॅमेरेही त्याचेच. पण समजावून सांगितल्याशिवाय काम पुरं झालं असं त्याला वाटायचंच नाही. "कॅमेरा निस्ता पाहतो. ध्यानात ठेवायचं काम या डब्याचं," काउंटरखालच्या डीव्हीआरवर हात ठेवून तो म्हणाला होता. "वायरीतून आलेलं चित्र हा दाबून-दुबून लहान करतो अन् आतल्या डिस्कवर लिहितो. तुझ्या डिस्कमधी पंधरा दिवस मावतात. भरली की सगळ्यात जुन्या दिवसावर नवा दिवस लिहितो, कोणाला इचारत न्हाई. पाहिजे ते त्याच्या आत पेनड्राईव्हवर काढून घ्यायचं, बराबर?"

गेल्या वर्षी एका चतुर्थीला, भर दुपारच्या गर्दीत, आमच्या पायरीशी फुलं-दुर्वा विकणाऱ्या कौसाबाईंना रिव्हर्समध्ये मागं येणाऱ्या एका जीपनं चिरडलं. जीव वाचला, डावा पाय गुडघ्यातून काढावा लागला. जीप गावातल्या वजनदार घरची. बाईच घसरून चाकाखाली आली, असं त्या घरच्यांनी सांगितलं आणि तेच गावभर झालं. दोन दिवसांनी सुदामनं माझ्या दुकानात बसून रेकॉर्डिंग मागं नेलं. कौसाबाई बसलेल्याच होत्या. जीप वेगानं त्यांच्यावर आली होती.

"काढून देऊ आत्ताच?"

"थांब, घरात विचारतो," मी म्हणालो. त्या घराशी आमचं तीन पिढ्यांचं येणंजाणं, आणि राहायचं याच गावात...

"दुकान तुझं हाये. तू पोलिसांत दिलं तरच त्याला वजन," एवढं बोलून तो गेला. मग दर दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन. मी म्हणत राहिलो, बघू.

सतराव्या दिवशी तो पेनड्राईव्ह घेऊनच आला. ती दुपार डिस्कवर उरली नव्हती.

"मी पुसलं नाही, सुदाम."

"पुसायची गरजच नव्हती रे. तू निस्ती वाट पाह्यली. अन् वाट किती पाहायची, ते तुला मीच सांगितल्तं."

पुढं ठेवलेला चहा न घेता तो उठला. मीही मानी. त्यानंतर एका रस्त्यावरून जातानासुद्धा आम्ही बोललो नाही.

तेराव्याला पिंपळगावला सुदामच्या घरी गेलो. अंगणात कुबडी शेजारी ठेवून कौसाबाई बसल्या होत्या. मला पाहून त्यांना हुंदका फुटला. "शेठ, हे लेकरू दर महिन्याला माझ्या घरी यायचं. एकदा मी इचारलं, शेठच्या कॅमेऱ्यात काहीच न्हाई का? तर म्हणला, मावशी, त्या दिवशी डबा बंद पडला होता, चूक माझीच. किती रडला तो... मीच समजूत घातली."

पाय गेल्यावरही त्या आमच्याच पायरीशी येऊन बसत. मी रोज त्यांना पाणी पाठवत असे, आणि त्या मला आशीर्वाद देत.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मावशी, डबा चालू होता. सगळं दिसत होतं. मी दिलं नाही."

त्यांनी शेजारची कुबडी जवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, "मंग त्यानं असं काहून सांगितलं?"

त्यांची बसायची जागा तुटू नये म्हणून, की माझी अब्रू राहावी म्हणून... ते सांगणारा आता नाही.

पुढच्या आठवड्यात मी पोलिसांत जाऊन रेकॉर्डिंगमध्ये दिसलं होतं ते लिहून दिलं. "रेकॉर्डिंग कुठाय?" त्यांनी विचारलं. "उरलं नाही," मी म्हणालो.

कौसाबाई आता मंदिराच्या अगदी पलीकडच्या टोकाला बसतात. तिकडं सावली नाही. सकाळी कुबडी टेकत माझ्या दुकानावरून जातात, आत न पाहता.