गरव्या कांद्याचा प्रश्न

माझी पीएच.डी. कांद्याच्या सालींवर झाली, हे मी कुणालाही ताठ मानेने सांगते. ऐकणारा आधी हसतो. हसू दे. चाकणच्या मार्केटमधून हळव्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लवकर निघणाऱ्या, लाल कांद्याच्या सालींची पोती मी स्वतः रिक्षात घालून आणली आहेत, आणि चिंचवडच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या साली उकळताना अख्ख्या मजल्याची बोलणी खाल्ली आहेत. कारखान्यांत पोलादावरचा गंज ॲसिडने धुतात. ते ॲसिड गंजाबरोबर पोलादही खातं, म्हणून त्यात महागडी, विषारी रसायनं मिसळावी लागतात. माझं म्हणणं होतं की तेच काम सालींचा काढा करतो. पोलादाच्या पट्ट्या काढा घातलेल्या ॲसिडमध्ये बुडवायच्या, वाळवायच्या, वजन करायचं. वर्षानुवर्षं मी हेच केलं, आणि काढ्यातल्या पट्ट्या दर वेळी वाचल्या.

शेजारच्या टेबलावर एक जण बॅटरीवर संशोधन करायचा. लातूरकडचा, बोलायला कमी, शंका काढायला पुढे. आमच्या गाइड सरांच्या गटात दर शुक्रवारी एकाने आपलं काम मांडायचं, आणि ऐकून झाल्यावर "छान झालं" म्हणायला बंदी. जो म्हणेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. सरांचं मत असं, की ज्याला काम खरंच आवडलंय तो ते खोदल्याशिवाय राहत नाही. या बॅटरीवाल्याने माझं काम इतकं खोदलं की मी आधी चिडले, मग त्याच्या प्रश्नांची वाट बघू लागले. एकदा तो गावी गेलेला असताना माझं बोलणं सगळ्यांना मुकाट पटलं, आणि मला चक्क रडू आलं. प्रेमात पडले होते, दुसरं काय! त्याला सांगितलं तर म्हणाला, "मला वाटायलंच होतं, पण पुरावा नव्हता." असल्या माणसाशी लग्न करायचं ठरवलं मी.

घरी जात आडवी आली. आम्ही पिंपळे गुरवचे जुने गावकरी. वडिलांना, म्हणजे आण्णांना, वळवता वळवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी ते म्हणाले, "तुझी ती परीक्षा होऊ दे. तिथं पोरगा बघतो, मंग बोलू."

पीएच.डी.ची शेवटची परीक्षा खुली असते. सभागृहात कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. प्रत्यक्षात मित्रमैत्रिणी ठरवून सोपे प्रश्न विचारतात आणि वेळ मारून नेतात. त्याने आदल्या दिवशी मला विचारलं, "मी विचारू का?" मी म्हटलं, "विचार. पण खरा विचार."

आण्णा पहिल्या रांगेत बसले होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेजारी आई आणि आत्या. मैत्रिणींचे प्रश्न आले, मी धडाधड उत्तरं दिली, आत्याने टाळ्या वाजवल्या. मग तो उठला.

"तुम्ही सगळ्या साली हळव्या कांद्याच्या वापरल्या. गरवा कांदा उन्हाळ्यात निघतो, त्याची साल वेगळी असते. तिचाही काढा पोलाद वाचवेल, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

बाहेरगावाहून आलेले परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. काहीतरी थातुरमातुर सांगून मला सुटता आलं असतं. मी म्हटलं, "ते मी तपासलेलं नाही. माझा दावा हळव्या कांद्यापुरताच धरावा." परीक्षकांनी मान डोलावली आणि थोड्या वेळाने मी डॉक्टर झाले. पदवीपेक्षा मला त्या उत्तराचा जास्त अभिमान आहे, आजही.

आण्णा मात्र पेढा न खाताच जिना उतरले. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "समद्यांसमोर निरुत्तर केलं तुला. असला जावई मला न्हाई पायजे."

"आण्णा, मीच त्याला विचारायला सांगितलं होतं."

"तू सांगशील. त्याला अक्कल नको? लग्न झाल्यावर बी चारचौघांत असंच करंल."

माझाही पारा चढला. "बाकीच्यांनी मला लहान पोरीसारखं गोंजारलं. त्या एकट्याने मला शास्त्रज्ञ समजून विचारलं. मला हाच पाहिजे."

त्यानंतर आमच्यात अबोला सुरू झाला. आण्णांना सोडून मला लग्न करायचं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाशी तर मुळीच नाही. दोन्हीकडून अडकले होते.

गरवा कांदा बाजारात आला तशी मी पुन्हा चाकणला गेले. पदवी हातात होती, आता मला विचारणारं कुणी नव्हतं, पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. तो मदतीला आला तर त्याला हाकलून दिलं. उत्तर माझं मला हवं होतं. ते मिळालंही. गरव्याच्या काढ्यातल्या पट्ट्या ॲसिडने बिनदिक्कत खाल्ल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

रात्री जेवताना आईला हे सांगितलं. आण्णा शेजारी मान खाली घालून जेवत होते.

"मग आता गं?" आई घाबरली.

"छापणार. माझ्याच नावाने. गरव्या कांद्यावर माझी पद्धत चालत नाही म्हणून."

आण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले. "कुणी इचारलंय का तुला?"

"नाही."

"मंग गप बसलीस तर कुणाला कळायचंय?"

"मला कळलंय ना."

"आन त्याला?"

"त्याला सांगितलं. म्हणाला, पुन्हा एकदा करून बघ, तुझंच बरोबर निघावं असं मला वाटतंय."

आण्णांनी जेवण संपवलं, हात धुतले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन आत्याला फोन लावला. त्यांचा आवाज आतपर्यंत ऐकू येत होता. मी डॉक्टर झाले तेव्हाही तो इतका चढला नव्हता.

"आपल्या पोरीनं सोताचंच चुकलेलं हुडकून काढलंय! छापून येणारे, नावानिशी. व्हय, तिनंच. कुणी सांगितलं न्हवतं तिला." मग जरा थांबून म्हणाले, "आन आयक, रविवारी ये. त्या पोराच्या आईबापाला बोलावतोय. ही दुसऱ्या कुणाला झेपायची न्हाई."