रिलीजचे पेढे

बेसबॉलच्या लेकशोर लीगच्या वेबसाइटवर दोन हजार तेवीसचा सीझन एका पानात आटोपलाय. मिल क्रीक हेरन्स विजेते. मॅनेजर डग हॉलिस वर्षातले सर्वोत्तम मॅनेजर. खाली बारीक अक्षरांत कोण आलं, कोण गेलं याची यादी, आणि त्यात एकोणतीस ऑगस्टपुढे लिहिलंय: कॅचर विल्मर सालसेदो, रिलीज. बस्स. ते वाचलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या दिवशी माझ्या सासूबाईंच्या बाबतीत जे झालं ते त्या पानावर नाही. म्हणून मी सांगते.

सासूबाई म्हणजे उल्काकाकू. कराडच्या पोस्टात बत्तीस वर्षं काउंटरवर काढली. मनिऑर्डरची रांग दुपारी एकला बंद म्हणजे बंद, मग समोर मामलेदार का असेना. रिटायर झाल्यापासून दर उन्हाळ्यात सहा महिने आमच्याकडे अमेरिकेत, नोव्हायला येतात आणि पहिल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवतात. आमचं पटतं असं मी म्हणणार नाही. पण त्या कुणाला फसवत नाहीत, आणि कुणी आपल्याला फसवेल हेही त्यांच्या गावी नसतं.

त्या वर्षी देवदत्तच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डोक्यात बेसबॉलचं वारं शिरलं. या छोट्या लीगमध्ये खेळाडूंना पगार जेमतेम, त्यामुळे क्लब त्यांना सीझनभर गावातल्या लोकांच्या घरी ठेवतो. जेवणखाण आपलं, राहणं आपलं, बदल्यात सामन्यांचे पास फुकट. देवदत्तने मला न विचारता फॉर्म भरला. मे महिन्यात व्हेनेझुएलाचा बावीस वर्षांचा विल्मर बेसमेंटमध्ये राहायला आला. सासूबाईंना विल्मर म्हणता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचा विलास झाला.

दोघांचंही इंग्रजी यथातथाच, त्यामुळे त्यांचं छान जमलं. तो कॅचर. म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर, फक्त तीन तास उकिडवा बसलेला. जुलैत त्याचा अंगठा सुजला. क्लबच्या माणसाने बर्फ लावून पुन्हा उभा केला. सासूबाई रोज आंबेहळद उगाळून लेप लावायच्या आणि तो वरणभात डाव्या हाताने खायचा. त्या अंगठ्यानिशी तो पस्तीस सामने खेळला. संघ फायनलच्या शर्यतीत आला तो या पोराच्या जिवावर, हे मी नाही म्हणत, तिथले पिचरच, म्हणजे बॉलरच, म्हणायचे.

आता शब्दाचं सांगते. आमच्या घरात ‘रिलीज’ हा शब्द दिवसातून दहादा येतो. देवदत्त गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, मी टेस्टिंगमध्ये. रिलीज झालं, म्हणजे नवं व्हर्जन बाहेर पडलं, की रात्रभर जागलेला देवदत्त हसतो, पिझ्झा येतो, सासूबाई देवापुढे साखर ठेवतात. त्यांच्या लेखी रिलीज म्हणजे काम फत्ते. आणि जूनमध्ये याच संघातला एक पिचर मोठ्या क्लबने उचलला होता, तेव्हा तो आनंदाने सगळ्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला होता. तेही त्यांनी बाकावर बसून पाहिलं होतं.

एकोणतीस ऑगस्टच्या सकाळी विल्मरला फोन आला. तो वर आला, सासूबाईंच्या गळ्यात पडला आणि रडत मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “काकू, दे रिलीज मी.”

त्यांनी त्याची दृष्ट काढली. तो खाली जाऊन झोपला. त्यांनी मिल्क पावडर आणि कंडेन्स्ड मिल्क आटवून पन्नास पेढे वळले, वर केशर लावलं. मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. त्या दारात येऊन म्हणाल्या, “अगं, विलासचं रिलीज झालं. मला ग्राउंडवर सोड.” मी ‘ओके’ म्हणून अंगठा वर केला. मला इंग्रजी येतं, मी इथे अकरा वर्षं आहे, आणि मी अंगठा वर केला. याचा राग मी कुणावर काढू?

त्यांना ग्राउंडवर सोडून मी कारमध्येच बसून कॉल संपवला आणि आत गेले. खेळाडूंच्या बाकांपाशी सासूबाई इरकल नेसून उभ्या होत्या. हातात डबा. “थँक यू सर,” त्या मॅनेजर डगला म्हणत होत्या, “थँक यू फॉर रिलीज माय विलास. व्हेरी गुड रिलीज!”

डगने त्यांच्याकडे पाहिलं. मग एक पेढा घेतला. खाल्ला. बोटं चाटून दुसरा घेतला आणि म्हणाला, “यू आर वेलकम, मॅम.”

बाकीची पोरं बुटांकडे बघत होती. काहीतरी चुकतंय एवढं मला कळलं, पण काय ते कळेना, आणि मी सासूबाईंना घेऊन निघाले. पार्किंगमध्ये एक पिचर धावत मागून आला. त्याचा पेढा हातातच होता. “मॅम,” तो मला म्हणाला, “त्यांना माहीत नाही का? विल्मरला काढलंय. प्लेऑफला चार दिवस आहेत, त्यांना अनुभवी कॅचर मिळाला.”

मी सांगितलं. “आई, रिलीज म्हणजे त्याला काढून टाकलं.”

“काढलं म्हणजे? काय केलं त्याने?”

“काही नाही.”

“मग मेमो दिला? चौकशी बसली?”

“इथे तसं नसतं, आई.”

त्या पदर खोचून अशा मागे फिरल्या की मला पळावं लागलं. डगसमोरच्या बाकावरचा डबा त्यांनी उचलला आणि झाकण दाबून बसवलं. “रेणू, सांग ह्याला. मी अडाणी म्हणून थँक यू म्हटलं. तुला तर माहीत होतं ना? मग घशाखाली उतरला कसा? पोराचा अंगठा मोडेस्तोवर राबवलंस आणि त्याच्या नावाचा पेढा गिळलास? लाज नाही वाटली?”

एरवी मी त्यांचं बोलणं मऊ करून सांगते. शेजाऱ्यांना, डॉक्टरला, सगळ्यांना. त्या दिवशी अक्षर न् अक्षर सांगितलं, वर पदरचे दोन शब्द घातले.

डग लाल झाला. “त्यांना सगळ्यांसमोर ओशाळं वाटू नये म्हणून मी बोललो नाही,” तो म्हणाला. “आणि हा धंदा आहे, मॅम. विल्मरला माहीत आहे.”

म्हणजे उपकारच केले म्हणायचे! ‘नको’ म्हणायचं होतं, तोंड मिटून बसायचं होतं. पण दुसरा पेढा? तो कुणाची अब्रू राखायला घेतलास, बाबा?

घरी विल्मर बॅग भरत होता. त्याचा व्हिसा क्लबच्या नावावर. काम गेलं की दुसरा क्लब शोधा नाहीतर देश सोडा, आणि सप्टेंबर तोंडावर असताना कोण घेतो नवा खेळाडू? देवदत्तने आठ ठिकाणी फोन लावले, एकानेही घेतलं नाही. संध्याकाळी जेवताना तो आईची समजूत काढायला गेला. “आई, बिझनेस असतो यार. इमोशनल होऊन कसं चालेल?”

“उद्या तुला असंच काढलं तर?” त्या म्हणाल्या. “तुझा व्हिसा कुणाच्या नावावर आहे रे?”

देवदत्त ताटावरून उठून गेला.

गुरुवारी विल्मर गेला. सासूबाईंनी दशम्या आणि चटणी बांधून दिली आणि विमानतळावर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मी कारमध्ये रडले, त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. घरी परतलो तर क्लबचा ईमेल: नवा कॅचर उद्या येतोय, तीच खोली मिळेल ना? देवदत्तने भरलेला फॉर्म पूर्ण सीझनचा होता, नाही म्हणायची सोय नव्हती. “दारात उभा करणार नाही,” सासूबाईंनी जाहीर केलं. मीही म्हटलं, नकोच.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. मला वाटलं होतं कुणीतरी धटिंगण असेल. दारात चौतिशीचा माणूस, कोडी नावाचा, डोक्यावर केस विरळ, एक गुडघा पट्ट्यात. फोनवर कुणा लहान मुलीला ‘बाबा पोचला’ असं सांगत होता. सासूबाई दार अडवून उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चरफडत बाजूला झाल्या आणि ताट वाढायला गेल्या. भाकरी त्याच्या पानात वाढली नाही, आदळली. तो मान खाली घालून सगळं जेवला.

जेवण झाल्यावर मी त्याला खाली खोली दाखवली. सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. कपाटातला कुठला खण वापरू, त्याने विचारलं.

“त्याला सांग,” सासूबाई वरून म्हणाल्या, “कपडे बॅगेतच राहू दे म्हणावं. ह्या लोकांचा नेम नाही.”

मी सांगितलं. त्याला राग येईल असं मला वाटलं. त्याने बॅग पलंगाखाली सरकवली.

“चौदा वर्षं बॅगेतच आहेत, मॅम,” तो म्हणाला.