बिनहाताची भाकरी

आमच्या गल्लीत भाकरी करावी तर लीलाबाईंनी. मूळच्या पिशोरच्या. पीठ मळून झालं की काठवटीवर दोन थापा मारायच्या आणि मगच पहिला उंडा हातात घ्यायचा, ही त्यांच्या आईची सवय. त्यांनीही ती सोडली नाही.

पण सिडकोतल्या निशाताईंकडं त्या नुसती भांडी घासायच्या, तीही मागच्या मोरीत. साबणानं बोटांना भेगा पडल्या, तेव्हापासून त्यांनी कितीदा तरी विचारलं, "ताई, सैपाकाचं काम द्या की." निशाताई म्हणायच्या, "माझं काही नाही हो, आईंना चालत नाही." सासूबाईंना का चालत नाही, हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. मला तर ऐकूनच चीड यायची. लीलाबाई मात्र आशेवर होत्या.

मध्यंतरी एका कंपनीनं बायका बोलावल्या. कपाळाला कॅमेरा बांधून भाकरी थापायच्या. यंत्राला म्हणे शिकवायचं होतं. लीलाबाई खुशीत परतल्या. "लई मोठा ओटा हाय गं. कुणी जात इचारली नाय." आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणून चिडवलं.

वर्ष उलटलं आणि त्याच कंपनीचा रोबो निशाताईंच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. लीलाबाई मोरीतून बघत होत्या. त्यानं पीठ मळलं. काठवट नव्हतीच, तरी त्यानं ओट्यावर दोन थापा मारल्या आणि मग उंडा उचलला. लीलाबाईंच्या हातातलं पातेलं सुटलं.

सासूबाईंनी पहिला घास खाल्ला. "काय भाकरी झालीय! आणि कुणाचा हात लागलेला नाही."

"आजी, त्यो माझाच हात हाय," लीलाबाई दारातून म्हणाल्या.

सासूबाईंचा घास थांबला. निशाताई घाईघाईनं हसल्या. "अहो आई, गंमत करतात त्या." सासूबाई पुन्हा जेवायला लागल्या.

मग निशाताई मोरीपाशी आल्या. पुढच्या महिन्यापासून भांडीही तोच घासेल, असं त्यांनी नजर चुकवत सांगितलं. आणि लीलाबाईंसाठी वेगळी ठेवलेली ताटली काढून तिच्यात एक भाकरी वाढली.

लीलाबाईंनी ती तिथंच बसून खाल्ली. ताटली घासली, पालथी घातली आणि घरी आल्या.

"कशी होती गं?" मी विचारलं.

"माझ्या आईच्या हातची," त्या म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.